करण्यासारखं पुष्कळ असतं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या भागात एक वाक्य फार ऐकू येतं. कळंबहून यवतमाळला, सावंगीला, सेवाग्रामला नाहीतर थेट नागपूरला पेशंट घेऊन गेलेली माणसं परत येतात. कुणी ओळखीचं विचारतं, ‘काय म्हणाले डॉक्टर?’ उत्तर येतं, ‘आता करण्यासारखं काही नाही म्हणाले. घरी घेऊन जा म्हणाले.’ त्यावर कुणाला काही बोलता येत नाही. आज मला या वाक्याविषयीच बोलायचं आहे, आणि तेही एका आजाराच्या संदर्भात. तो म्हणजे किडनी निकामी होण्याचा आजार.

मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस आहे. पण माझ्या नात्यात आणि मोहल्ल्यात गेल्या काही वर्षांत या आजाराची इतकी माणसं पाहिली, डायलिसिस विभागाबाहेरच्या बाकांवर इतके तास काढले, डॉक्टरांना आणि सिस्टरना इतके प्रश्न विचारले, की त्यातून जे कळलं ते चार लोकांना सांगावंसं वाटतं.

आधी आजाराविषयी थोडं. पाठीच्या खालच्या बरगड्यांच्या आत मुठीएवढ्या दोन किडन्या असतात. त्या रक्त गाळतात, शरीरातलं पाणी आणि क्षार यांचा तोल राखतात, रक्तदाब सांभाळतात, रक्त तयार व्हायला आणि हाडं मजबूत राहायला मदत करतात. साखर आणि रक्तदाब हे त्यांचे सगळ्यांत मोठे शत्रू. मुतखडा, वारंवार होणारा संसर्ग, आणि अंग दुखतं म्हणून वर्षानुवर्षं मनानेच खाल्लेल्या वेदनाशामक गोळ्या हीही कारणं आहेत. आपल्या विदर्भातच अकोला-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात किडनीच्या रुग्णांच्या बातम्या आपण अनेक वर्षं वाचत आलो आहोत. हा आजार मोठा मुका आहे. किडनीचं निम्म्याहून जास्त काम थांबेपर्यंत माणसाला पत्ता लागत नाही. काम पंधरा टक्क्यांच्या खाली आलं की त्याला पाचवा टप्पा म्हणतात. मग घरात ‘क्रिएटिनिन’ हा शब्द शिरतो. ज्या आजीला वर्तमानपत्र वाचता येत नाही, तीही विचारू लागते, ‘आज किती आलं?’

इथून पुढे वाटा तीन. पहिली किडनी बदलण्याची. दुसरी डायलिसिसची. या दोन सगळ्यांना ठाऊक असतात. तिसरी वाट अशी, की डायलिसिस न करता औषधं, आहार आणि काळजीपूर्वक देखभाल यांच्या आधाराने उरलेले दिवस शक्य तितके सुखाचे करायचे. ही तिसरी वाट बहुतेकांना कुणी सांगतच नाही. आणि सांगितलीच, तर ‘करण्यासारखं काही नाही’ अशा शब्दांत सांगतात. तिथेच घोटाळा होतो.

माझं बोलणं कुणी चुकीचं घेऊ नये म्हणून आधीच सांगतो. डायलिसिसला नावं ठेवायला मी उभा नाही. आमच्या मोहल्ल्यातला एकतीस वर्षांचा एक ऑटोचालक दीड वर्ष डायलिसिसवर होता. मग त्याच्या आईने त्याला किडनी दिली. आज तो पुन्हा ऑटो चालवतो. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांमध्ये बायकांची संख्या पुरुषांहून जास्त आहे, हेही जाता जाता लक्षात ठेवू या. अशा तरुणाला डायलिसिस नाकारणं म्हणजे त्याचं आयुष्य नाकारणं. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेमुळे गरिबालाही ही सोय मिळू लागली, ही मोठीच गोष्ट आहे.

पण चौऱ्याहत्तर वर्षांच्या, पंचवीस वर्षं साखर असलेल्या, हृदय दुबळं झालेल्या माणसाचा हिशेब वेगळा असतो. डायलिसिस म्हणजे एका वेळी चार तास, आठवड्यातून तीनदा. पैशाअभावी आणि अंतरापायी आपल्याकडे पुष्कळजण दोनदाच करतात. उपचार फुकट असला तरी यवतमाळला जायचं-यायचं भाडं, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी, परतल्यावर दुसऱ्या दिवशीपर्यंत न उतरणारा थकवा, हे कुठल्या योजनेत बसत नाही. आठवड्यातले तीन दिवस यंत्राचे आणि उरलेल्यांतले दोन थकव्याचे गेले, तर माणसाचे स्वतःचे किती उरले?

अमेरिकेत याचा मोठा अभ्यास झाला. वृद्धाश्रमासारख्या शुश्रूषागृहांत राहणाऱ्या ३,७०२ रुग्णांनी डायलिसिस सुरू केल्यावर पुढे काय झालं, ते त्यात तपासलं. २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. वर्षभरात त्यांपैकी ५८ टक्के दगावले होते. डायलिसिसच्या आधी जेवढं स्वतःचं स्वतः करता येत होतं तेवढं वर्षानंतरही करता येणारे फक्त १३ टक्के होते. ही माणसं आधीच परावलंबी होती. त्यामुळे हे आकडे सत्तरीतल्या ठणठणीत माणसाला लावता येणार नाहीत. पण खूप थकलेल्या, अनेक आजार असलेल्या वृद्धाला डायलिसिसने आयुष्य मिळेलच, आणि मिळालं तर ते त्याला हवं तसं असेल, असं गृहीत धरता येत नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

या ठिकाणी मला दोन माणसं आठवतात. दोघंही सर्वोदयाची, एकमेकांना जवळची. जयप्रकाश नारायण यांच्या किडन्या १९७५ मध्ये आणीबाणीच्या स्थानबद्धतेत निकामी झाल्या. सुटका झाल्यावर नोव्हेंबरमध्ये त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणलं. तेव्हापासून डायलिसिस त्यांच्या आयुष्याचा भाग झाला. यंत्रासाठी लोकांनी वर्गणी काढली. त्या यंत्राच्या आधाराने ते जवळजवळ चार वर्षं जगले, आणि त्याच काळात १९७७ च्या निवडणुकीत त्यांनी देशाचं राजकारण बदललं. ८ ऑक्टोबर १९७९ ला ते गेले. दुसरे विनोबा. पवनार आमच्याकडून फार लांब नाही. देवळी आणि वर्धा ओलांडली की आलंच. नोव्हेंबर १९८२ मध्ये सत्त्याऐंशी वर्षांच्या विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. त्यांनी औषध, अन्न, पाणी सारं थांबवलं आणि १५ नोव्हेंबरला धाम नदीकाठच्या त्या आश्रमात देह ठेवला. विनोबांनी केलं ते प्रायोपवेशन. त्याची वाट फार वेगळी, आणि मी सांगतो आहे त्यात अन्नपाणी सोडणं नाही. पण दोघांमध्ये एक गोष्ट सारखी होती. एकाला यंत्राचा आधार घेऊन काम पुरं करायचं होतं, दुसऱ्याला आपलं काम पुरं झालं असं वाटत होतं. दोघांना काय हवं ते भोवतालच्या माणसांना माहीत होतं. आपल्या घरातल्या आजाऱ्याला काय हवं, हे आपल्याला माहीत असतं का?

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दुल्हाभाई, शिलाईकाम करायचे. त्यांच्या किडन्या गेल्या तेव्हा घरात दोन तट पडले. मुलं म्हणत, डायलिसिस लगेच सुरू करू. आपा म्हणे, यांना झेपणार नाही. त्यांना स्वतःला कुणी विचारत नव्हतं. एका समजूतदार डॉक्टरांनी तोडगा काढला. ते म्हणाले, ‘दोन महिने करून पाहू. दोन महिन्यांनी पुन्हा बसू आणि यांनाच विचारू की बरं वाटतं का.’ अशी मुदत घालून डायलिसिस करता येतो, हे आम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळलं. सुरू केलं की मरेपर्यंत थांबवता येत नाही, असाच आमचा समज होता. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी विचारलं. दुल्हाभाई म्हणाले, ‘मुझे मशीन पर नहीं, दुकान पर बिठाओ.’ डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की डायलिसिस थांबवल्यावर लघवी अजिबात होत नसेल तर बहुतेक वेळा आठवडा-दहा दिवस मिळतात. यांना थोडी होते, म्हणून काही आठवडे मिळतील. दुल्हाभाई सव्वादोन महिने राहिले. त्यांतले बरेच दिवस संध्याकाळी तासभर दुकानात बसले. हातात कात्री धरवत नव्हती, पण पोराला कापड कसं बेतायचं ते सांगत होते.

ते सव्वादोन महिने आपोआप सुखाचे झाले नाहीत. त्यासाठी रोज काहीतरी करावं लागलं, आणि करण्यासारखं पुष्कळ होतं. ते काय, ते सांगतो. कारण डायलिसिसवर असलेल्या माणसालाही यातलं बरंच लागतं. ही देखभाल डायलिसिसला पर्याय म्हणूनच असते असं नाही. ती त्याच्या जोडीनेही चालते.

या आजारात सगळ्यांत छळते ती खाज. रात्र रात्र झोप नाही. घरचे म्हणतात, ‘अंग खाजवू नका.’ एवढ्याने काय होणार? कोमट पाण्याने आंघोळ, अंग ओलसर असतानाच तेल किंवा मलम, रक्तातलं फॉस्फरस आटोक्यात ठेवणं, आणि एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टरांनी अगदी कमी मात्रेत दिलेली विशिष्ट औषधं, यांनी खाज कमी होते. थकवा येतो तो पुष्कळदा रक्त कमी झाल्यामुळे. त्यावर लोह आणि इंजेक्शनं आहेत. धाप लागते तेव्हा पाठीला उशा लावून बसवणं, तोंडावर पंख्याचा वारा, लघवी वाढवणारी औषधं, आणि गरज पडली तर मॉर्फिनसारख्या औषधाची अगदी छोटी मात्रा. पाय रात्री स्वस्थ राहत नाहीत, मळमळतं, तोंडाला चव नसते, मन खचतं. प्रत्येकावर काही ना काही उपाय आहे. फक्त कुणीतरी विचारायला हवं आणि आजाऱ्याने सांगायला हवं. ‘आता या वयात असंच चालायचं’ म्हणून माणसं गप्प बसतात.

दुखण्याविषयी एक इशारा. दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या किडनीला घातक असतात. योग्य मात्रेतलं पॅरासिटामोल चालतं. दुखणं फार असेल तर मॉर्फिनच्या जातीची औषधं लागतात. पण साधं मॉर्फिन किडनीच्या रुग्णाच्या शरीरात साठतं, म्हणून जाणकार डॉक्टर त्याऐवजी फेंटानिल किंवा ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध निवडतात. २०१४ मध्ये कायद्यात बदल होऊन ही औषधं रुग्णांपर्यंत पोचवण्याची वाट थोडी सोपी झाली. तरी लहान गावात ती मिळणं अजून कठीणच आहे.

मग तहान. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, आणि या माणसाला डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितलेलं असतं. कळंबच्या चिंतामणीच्या कुंडात बारा वर्षांनी पाणी वर येतं म्हणून लोक लांबून दर्शनाला येतात. पाण्याचं मोल काय, हे आमच्या गावाला सांगायला नको. डायलिसिसवरच्या माणसाला ते रोज घोटाघोटाने कळतं. दिवसभराचं पाणी सकाळीच एका बाटलीत भरून ठेवावं, लहान पेल्यातून प्यावं, बर्फाचा खडा तोंडात धरावा, नुसती चूळ भरावी. आणि मुख्य म्हणजे मीठ कमी करावं. लोणचं, पापड, ठेचा कमी झाला की तहानही कमी होते.

आता भेटायला येणाऱ्यांविषयी. आजाऱ्याला भेटायला जाण्याला आम्ही ‘इयादत’ म्हणतो आणि ते पुण्याचं काम मानतो. हिंदू घरांतही ‘बघायला जाणं’ असतंच. आपण विदर्भातली माणसं रिकाम्या हाताने जात नाही. पिशवीत संत्री, केळी, नारळपाणी असतं. या सगळ्यांत पोटॅशियम भरपूर. निकामी किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, आणि ते रक्तात फार वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. म्हणजे प्रेमाने नेलेलं फळच जिवावर उठू शकतं. त्याऐवजी आजाऱ्याच्या मुलाला म्हणावं, ‘गुरुवारी मी घेऊन जातो यांना डायलिसिसला, तू कामावर जा.’ याहून मोठी इयादत नाही.

रमजानमध्ये आणखी एक पेच येतो. आयुष्यभर रोजे ठेवलेला माणूस रोजा सोडायला तयार होत नाही. आजाऱ्याला रोज्यातून सूट आहे, हे कुराणातच सांगितलं आहे. ज्याला पुढेही ठेवणं शक्य नाही त्याने फिदया म्हणून गरिबाला जेवू घालावं. हे मुलाने सांगून पटत नाही. मौलानांनी घरी येऊन सांगितलं तर पटतं. इफ्तारच्या खजुरातही पोटॅशियम असतंच. तीच गोष्ट एकादशीच्या बटाट्याची आणि शेंगदाण्यांची. तेव्हा मौलाना असोत, गुरुजी असोत की कीर्तनकार, त्यांनी अशा घरी जाऊन ‘तुम्हाला मोकळीक आहे’ एवढं म्हटलं तरी ते औषधासारखं लागू पडतं.

मी शब्दांचा माणूस. या सेवेला ‘पॅलिएटिव्ह केअर’ म्हणतात. मराठीत उपशामक सेवा, परिहार सेवा असे शब्द केले गेले आहेत. उर्दूत तीमारदारी हा सुंदर शब्द आहे. पण मला आपला जुना ‘शुश्रूषा’ सगळ्यांत जवळचा वाटतो. आपण त्याचा अर्थ सेवा असा करतो. मूळ संस्कृतात तो ‘श्रु’ म्हणजे ऐकणे या धातूपासून आला आहे, आणि त्याचा अर्थ आहे ऐकण्याची इच्छा. आजाऱ्याचं ऐकून घेण्याची इच्छा असणं, ही सेवेची पहिली पायरी.

ऐकायचं म्हणजे काय विचारायचं? अगदी साधं. तुम्हाला तुमच्या आजाराबद्दल काय माहीत आहे? सगळ्यांत जास्त कशाची भीती वाटते? काय करता आलं तर दिवस चांगला गेला असं वाटेल? तब्येत फार बिघडली तर दवाखान्यात राहायचं की घरी? हे विचारलं तर माणूस खचेल, अशी आपली समजूत. माझा अनुभव असा, की बहुतेक वेळा आजारी माणसाला सगळं कळलेलं असतं, आणि घरच्यांना दुःख होईल म्हणून तो बोलत नाही. घरचे त्याच्यासाठी गप्प, तो घरच्यांसाठी गप्प. मधल्या मध्ये शेवटचा निर्णय अतिदक्षता विभागाच्या दारात, रात्री दोन वाजता, सही मागायला आलेल्या माणसासमोर होतो.

कायदाही आता याबाबत आपल्या बाजूला आहे. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं आणि वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. शुद्ध हरपली, बरं होण्याची आशा नसली, तर कोणते उपचार नकोत आणि आपल्या वतीने कुणी बोलावं, हे त्यात आधीच लिहून ठेवता येतं. जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी झाली. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन पुरतं. आणि शुद्धीवर असलेल्या, समज शाबूत असलेल्या माणसाला नको असलेला उपचार नाकारण्याचा अधिकार आहेच. याला कुणी आत्महत्या म्हणू नये. आजार आपल्या मार्गाने जातो, आपण फक्त त्रास कमी करत सोबत राहतो.

आता सोय कुठे आहे ते पाहू. आपल्या देशातलं पहिलं शुश्रूषागृह, ज्याला हॉस्पिस म्हणतात, ते मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन या नावाने १९८६ मध्ये उभं राहिलं. पुण्यात वारजे इथे १९९७ पासून सिप्लाचं केंद्र आहे. केरळात १९९३ मध्ये कोळिकोडला डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी काम सुरू केलं, आणि पुढे तिथल्या गावोगावी शेजारीपाजारीच स्वयंसेवक झाले. केरळने २००८ मध्ये आणि महाराष्ट्राने २०१२ मध्ये या सेवेचं सरकारी धोरण केलं. पण या सगळ्याचा जन्म कॅन्सरच्या रुग्णांसाठी झाला, आणि अजूनही लोकांच्या मनात ही सेवा म्हणजे कॅन्सरचीच. किडनीवाला रुग्ण तिकडे वळतच नाही, कुणी त्याला वळवतही नाही. वास्तविक जागतिक आरोग्य संघटनेने ज्या आजारांत या सेवेची गरज सांगितली आहे त्यांत किडनी निकामी होणंही आहे. आपल्या उपकेंद्रांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. त्यांच्या सेवांच्या यादीतही ज्येष्ठांची आणि उपशामक सेवा लिहिलेली आहे. यादीतली सेवा गावात यायची तर आधी कुणीतरी ती मागायला हवी. आशाताईंना विचारा, वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा, ग्रामसभेत विषय काढा.

आणि जी आजाऱ्याच्या उशाशी असते तिचीही आठवण ठेवा. बहुतेक ती बाईच असते. बायको, सून, लेक. दुल्हाभाईंच्या आजारात आपाचं वजन नऊ किलोंनी उतरलं, हे आमच्या लक्षात आलं ते तिच्या बांगड्या सैल झाल्यावर. आठवड्यातून एक दुपार तिला झोपू देणं हीसुद्धा या सेवेतच येतं.

तेव्हा श्रोतेहो, एवढंच सांगायचं आहे. तुमच्या घरात किडनीचा पेशंट असेल आणि डॉक्टर म्हणाले, ‘करण्यासारखं काही नाही,’ तर त्यांना नम्रपणे तीन गोष्टी विचारा. याला आत्ता जो त्रास होतो आहे तो कमी कसा करायचा? अचानक काही वाढलं तर रात्री कुणाला फोन करायचा? आणि याला घरी नीट ठेवायचं तर आम्ही काय शिकून घ्यायचं? ही उत्तरं कागदावर लिहून घ्या. मग घरी येऊन खुर्ची ओढून आजाऱ्याजवळ बसा आणि चौथा प्रश्न त्याला विचारा, ‘तुला काय हवंय?’ उत्तर यायला वेळ लागेल. बसून राहा.